उतावळ्या डिफेन्सला हूल कशी द्यायची: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधले काउंटर, ट्रॅप आणि रिव्हर्स, पायरीपायरीने

रात्रीचे साडेनऊ वाजलेले, फिल्म रूममध्ये आम्ही दोघंच, आणि पडद्यावर समोरच्या टीमचा मधला लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या पुढच्या रांगेमागे उभा राहणारा. स्नॅप होतो, सेंटर चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या हातात तो पडायच्या आत हा गडी दोन पावलं पुढे आलेला असतो. सलग सात क्लिपांमध्ये तेच. आमच्या लाइन कोचनी फिल्म थांबवली आणि विचारलं, "हा बघतोय कुठे?" मी म्हणालो, चेंडूकडे. ते म्हणाले, "चेंडू अजून क्वार्टरबॅकच्या पोटाशी आहे. या पोराला तो दिसतच नाही. नीट बघ."

पुढचे तीन सीझन मी तो एक प्रश्न मनात धरून फिल्म बघत राहिलो. ओहायोत एमएस करायला आलो होतो. शाळेत कबड्डी खेळलेला, पण हा खेळ कधीच नाही. एका छोट्या कॉलेजच्या टीमला विद्यार्थी सहायक हवा होता, तिथे लागलो. फिल्म कापायची, स्काउट टीमसाठी (सरावात समोरच्या टीमची नक्कल करणारे आपलेच खेळाडू) डावांची कार्डं काढायची आणि सरावात बॅग धरून उभं राहायचं, असं काम. हल्ली आपली बरीच मुलंमुली अशा कामांना लागतात. काहींची पोरं शाळेच्या टीममध्ये खेळतात आणि आईवडील शनिवारी मदतीला जातात. त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. चार डाउनमध्ये दहा यार्ड आणि लाइनवरचे पाच जण कोण, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरलंय.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अकरा जणांना कुणी फसवू शकत नाही. डिफेन्समधला प्रत्येक जण एखाद्या खुणेवर विश्वास ठेवून धावत असतो: कुणी गार्डकडे बघतो, कुणी रनिंग बॅकच्या खांद्यांकडे, कुणी नुसता चेंडूमागे. त्यातल्या एकाची खूण ओळखायची आणि ती खोटी दाखवून त्याला दोन पावलं चुकीच्या बाजूला न्यायचं. ती दोन पावलं मिळाली की रनिंग बॅकला वाट मिळते.

आधी जवळ काय हवं

- समोरच्या टीमच्या किमान तीन मॅचची फिल्म, दोन्ही कोनांतून. मैदानाच्या बाजूने घेतलेल्या फिल्ममध्ये चेंडू कुठे गेला ते कळतं. नजर आणि पहिलं पाऊल कळतं ते एंड झोनच्या मागून, उंचावरून घेतलेल्या फिल्ममध्ये. हडलवर (Hudl, टीमची फिल्म ठेवायची वेबसाइट) दोन्ही मिळत असतील तर दुसऱ्या कोनापासून सुरुवात करा.
- एक तक्ता. रकाने: डाउन, किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानावरच्या खुणांच्या दोन उभ्या ओळींपैकी), ऑफेन्सची मांडणी, स्नॅपआधी कोण हललं, ब्लिट्झ (जादा डिफेंडरांची थेट चढाई) आला का, आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: तुमच्या माणसाचं पहिलं पाऊल कुठे पडलं.
- स्काउट कार्डांसाठी जाड पांढरे कागद आणि दोन रंगांचे मार्कर. कार्ड दहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे.
- शंकू, हातात धरायच्या बॅगा, आणि जमलं तर पाच-सहा मोठे कचऱ्याचे प्लास्टिक डबे. डिफेन्सच्या जागी डबे मांडून लाइनला वाटा शिकवता येतात आणि कुणी जखमी होत नाही.
- एफ-१ व्हिसावर असाल तर होकार देण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन या. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरच्या कामाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, आणि लायब्ररीत आधीच नोकरी असेल तर दोन्हींचे तास एकत्र मोजले जातात. काम बिनपगारी असलं तरी विचारून घ्या.

१. सरळ धाव आधी पक्की करा

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. चकव्याचा डाव दिसायला देखणा असतो, म्हणून तो आधी शिकवला जातो. पण कबड्डीत जो चढाईपटू आयुष्यात कधी डाव्या कोपऱ्याला हात लावत नाही, त्याच्या डावीकडच्या हुलीला कोण भुलेल? डाव्या कोपऱ्यातला गडी हलायचा असेल तर त्याने आधी तिथे दोनदा गुण गमावलेले असायला हवेत.

म्हणून एक खरा डाव निवडा. इनसाइड झोन असो, पॉवर असो (दोन्ही मधून जाणाऱ्या धावा) की स्वीप (कडेने जाणारी). तोच शंभर वेळा करा. मग चकव्याचा प्रत्येक डाव त्याच मांडणीतून, स्नॅपआधीच्या त्याच हालचालीतून आणि त्याच पहिल्या पावलातून निघाला पाहिजे.

याचा उत्तम नमुना डेलावेअर विद्यापीठाचा विंग-टी हा डावांचा संच. कोच डेव्ह नेल्सन आणि त्यांच्यानंतर १९६६ ते २००१ पर्यंत टबी रेमंड यांनी तिथे तो चालवला. रेमंड यांनी ३०० मॅच जिंकल्या. त्यांच्या बक स्वीपमध्ये फुलबॅक मधून घुसल्यासारखं करतो, दोन्ही गार्ड बाहेर पळतात, चेंडू घेऊन हाफबॅक त्यांच्या मागून कडेने जातो आणि क्वार्टरबॅक उलट्या बाजूला रिकाम्या हातांनी धावतो. डिफेन्स कडेला धावायला लागला की चेंडू खरंच फुलबॅकला देतात, तो ट्रॅप. मधे गर्दी झाली, कडेचा माणूस पाठलागाला आत वळला, की क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेर निघतो, तो वॅगल. पहिला एक सेकंद हे तिन्ही डाव हुबेहूब सारखे दिसतात. तो सेकंद एकसारखा दिसावा म्हणून तुमचा सगळा आठवडा खर्च झाला तरी चालेल.

२. कोण कुठे बघतो ते शोधा

माणूस कुठे बघतो हे फिल्मवरून ओळखायची एक खात्रीची रीत आहे. खुणा एकमेकींच्या विरुद्ध जातील अशा क्लिपा शोधा. गार्ड उजवीकडे गेला आणि रनिंग बॅकने पहिलं पाऊल डावीकडे टाकलं, अशा क्लिपा प्रत्येक मॅचमध्ये पाच-सहा तरी मिळतात. तिथे लाइनबॅकर कुणाच्या मागे गेला? गार्डच्या मागे गेला तर तो गार्ड 'वाचतो', म्हणजे गार्डच्या हालचालीवरून डाव ओळखतो. बॅकच्या मागे गेला तर बॅक वाचतो. दोघं एकाच बाजूला जातात त्या क्लिपांतून हे कधीच कळत नाही. मी पहिले दोन महिने नेमक्या त्याच क्लिपा मोजत बसलो होतो.

चांगल्या टीममध्ये लाइनबॅकरना लहानपणापासून गार्ड वाचायला शिकवलेलं असतं, कारण गार्ड सहसा खोटं बोलत नाही. बॅकच्या हुलीला असा लाइनबॅकर दाद देत नाही. उलट तुम्ही काउंटरसाठी (एका बाजूला हूल, धाव दुसऱ्या बाजूला) गार्ड पळवला की तो त्याच्याबरोबर पळून तुमच्या आधी भोकात पोचतो. अशा माणसासाठी डाव वेगळा लागतो. तो पुढच्या पायरीत.

इथे माझी एक चूक सांगतो. एका टीमच्या डिफेन्सिव्ह एंडबद्दल (पुढच्या रांगेतल्या टोकाच्या माणसाबद्दल) मी ठामपणे लिहून दिलं की धाव उलट्या बाजूला गेली की हा मागून पाठलाग करतो. अकरा क्लिपांपैकी नऊमध्ये तो तसाच पळाला होता. आम्ही रिव्हर्स टाकला: धाव एका बाजूला दाखवून चेंडू उलट धावणाऱ्या रिसीव्हरकडे. तो जागेवरून हललाच नाही, आणि आमचा रिसीव्हर चौदा यार्ड मागे पडला. रविवारी फिल्म पुन्हा लावली तेव्हा दिसलं: त्या नऊ क्लिपांत त्याच्या बाजूला टाइट एंड (टॅकलच्या शेजारी उभा राहणारा रिसीव्हर) नव्हता, उरलेल्या दोनमध्ये होता. आम्ही रिव्हर्स टाइट एंड असलेल्या बाजूला टाकला होता. मांडणीचा रकाना माझ्या तक्त्यात होता, पण मी तो वेगळा काढून बघितलाच नव्हता. तेव्हापासून कुणाबद्दल काहीही लिहून देण्याआधी मी आकडे मांडणीनुसार आणि डाउननुसार वेगळे करतो. तुम्हीही करा.

३. रोग बघून औषध

*मधला डिफेन्सिव्ह टॅकल स्नॅपबरोबर मुसंडी मारतो.* त्याला ट्रॅप. त्याला मुद्दाम कुणी अडवत नाही, तो खुशीत आत येतो, आणि पलीकडच्या बाजूचा गार्ड येऊन त्याला कडेने धडकतो. त्याचाच वेग त्याला डावाबाहेर नेतो. हा डाव झटपट होतो, म्हणून मधून ब्लिट्झ येत असला तरी चालतो. अंगावर येणाऱ्या डिफेन्सविरुद्ध एकच डाव शिकवायला मिळाला, तर मी हाच शिकवेन.

*लाइनबॅकर बॅकच्या पहिल्या पावलावर धावतो.* त्याला काउंटर. त्याची मांडणी चौथ्या पायरीत आहे.

*लाइनबॅकर गार्ड वाचतो.* त्याला गार्डकरवीच खोटं सांगा. गार्ड स्वीपला निघाल्यासारखा बाहेर पळतो, लाइनबॅकर त्याच्यामागे जातो, आणि चेंडू गार्डने मोकळ्या केलेल्या जागेतून सरळ आत. त्या गार्डसमोरचा डिफेन्सिव्ह टॅकलही बहुधा त्याच्यामागे जातो. हा 'बहुधा' लक्षात ठेवा. तो नाही गेला तर तुमच्या रनिंग बॅकसमोर मोकळा उभा असेल. म्हणून हा डाव मॅचमध्ये एकदा, फार तर दोनदा.

*कडेचा एंड मागून पाठलाग करतो.* इथे तीन पर्याय आहेत आणि मी ते याच क्रमाने वापरायला सांगेन. पहिला स्प्लिट झोन: सगळी लाइन एका बाजूला जाते आणि एच-बॅक (लाइनच्या जरा मागे उभा राहून अडवणारा) उलट दिशेने येऊन त्या एंडला धडकतो, त्याच्या आतून बॅक मागे वळतो. दुसरा बूटलेग: हँडऑफ दिल्यासारखं करून क्वार्टरबॅक त्या एंडने सोडलेल्या बाजूने बाहेर. रिव्हर्स शेवटचा, कारण त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि चुकला तर सगळ्यात जास्त यार्ड जातात.

*सेफ्टी आणि कॉर्नर (डिफेन्सचे मागचे आणि कडेचे राखणदार) धावेवर तुटून पडतात.* जेट मोशन द्या. रिसीव्हर स्नॅपआधी लाइनला समांतर पूर्ण वेगाने धावत येतो. दोन-तीनदा चेंडू खरंच त्याला द्या. मग सेफ्टी त्याच्याबरोबर सरकायला लागतो, आणि चेंडू मधून जातो. कॉर्नरसाठी मात्र शिक्षा पासचीच. ३० नोव्हेंबर २०१३ च्या ऑबर्न-अलाबामा मॅचमध्ये ३२ सेकंद उरले असताना ऑबर्नचा निक मार्शल चेंडू घेऊन कडेला धावला. कॉर्नर आपला रिसीव्हर सोडून त्याच्यावर आला, आणि मार्शलने धावता धावता चेंडू सॅमी कोट्सकडे टाकला. ३९ यार्डांचा टचडाउन, २८–२८. त्या कॉर्नरला दोष देववत नाही. मार्शल संध्याकाळभर खरंच धावत होता.

४. काउंटर बसवा

नेब्रास्का विद्यापीठात कोच टॉम ऑस्बॉर्न यांनी गाजवलेला, जो गिब्स यांच्या वॉशिंग्टनने १९८० च्या दशकात एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, नेलेला आणि अलीकडे लिंकन रायली यांच्या ओक्लाहोमाने शॉटगनमधून (क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे) चालवलेला हा डाव. उजवीकडे जाणारा काउंटर असा:

- उजवा गार्ड आणि उजवा टॅकल मिळून समोरच्या डिफेन्सिव्ह टॅकलला डावीकडे, आत ढकलतात. त्यातला एक जण नजर मागच्या लाइनबॅकरवर ठेवतो आणि तो आला की सुटून त्याला घेतो.
- सेंटर डावीकडे वळतो आणि डाव्या गार्डने सोडलेल्या डिफेन्सिव्ह टॅकलला अडवतो.
- डावा गार्ड लाइनच्या मागून उजवीकडे पळतो आणि उजव्या टोकाच्या एंडला बाहेर ढकलतो.
- डावा टॅकल त्याच्या मागून पळतो, भोकातून आत वळतो आणि समोरच्या लाइनबॅकरला घेतो.
- डाव्या टोकाच्या एंडला कुणीच अडवत नाही. क्वार्टरबॅक त्याच्याकडे बघतो: एंड पाठलागाला धावला तर चेंडू स्वतःकडे ठेवून त्याने सोडलेल्या जागेतून जायचं, जागेवर थांबला तर बॅकला द्यायचा. क्वार्टरबॅक नवा असेल तर हे वाचन सोडून द्या. टॅकलला तिथेच ठेवून त्या एंडला अडवायला सांगा, आणि त्याच्याऐवजी एच-बॅकला पळवा.
- रनिंग बॅक डाव्या पायाने डावीकडे एक पाऊल टाकतो, मग वळून उजवीकडे, पळणाऱ्या दोघांच्या मागे.

कागदावर हे पाच मिनिटांत समजतं. मैदानावर तीन जागी अडतं.

पहिली जागा, गार्डचं पहिलं पाऊल. तो आधी सरळ उभा राहतो आणि मग वळतो, तिथेच उशीर होतो. आमचे कोच सांगायचे, "गवत कापायच्या मशीनची दोरी ओढतोस तसा उजवा कोपर मागे ओढ." कोपर झटक्यात मागे गेला की कंबर आपोआप वळते आणि उजवा पाय उघडतो. मी एका गार्डला सरावानंतर रोज वीस वेळा नुसता कोपर ओढायला लावायचो, चेंडू नाही, समोर माणूस नाही. दुसऱ्या आठवड्यात तो टॅकलच्या वाटेतून वेळेत बाजूला व्हायला लागला. पळायची वाटही लाइनला चिकटून हवी. मागे पोट काढून गोल फिरला की एंड आत घुसलाच समजा.

दुसरी जागा, सेंटर. लाइनच्या मागून दोन जण पळत असताना पलीकडचा डिफेन्सिव्ह टॅकल आत शिरला तर सगळा डाव तिथेच आडवा होतो. उतावळा डिफेन्स नेमकं हेच करतो. सेंटरला त्या माणसाच्या छातीसमोर जायला वेळ मिळत नाही. त्याने पहिलं पाऊल सपाट बाजूला टाकून त्या माणसाच्या पुढे डोकं घालावं. तरीही जमत नसेल तर डाव्या गार्डला सेंटरच्या थोडं जवळ उभं करा, म्हणजे सेंटरला कमी अंतर कापावं लागतं. पण मग बाकी सगळ्या डावांतही तो तितकाच जवळ उभा राहिला पाहिजे, नाहीतर तीच खूण होते.

तिसरी जागा, तो उजवा एंड. काही टीमचे एंड बाहेर थांबून धाव आत वळवतात, तेव्हा गार्ड त्याला बाहेर ढकलतो आणि वाट आतून मिळते. पण आक्रमक टीमचे एंड मुद्दाम गार्डच्या आतल्या बाजूला घुसून त्याला तुंबवतात, म्हणजे बॅकला बाहेर जावं लागतं आणि तिथे त्यांचे लोक वाट बघत असतात. अशा वेळी गार्डने ढकलाढकलीत वेळ घालवू नये. एंडच्या बाहेरच्या बाजूला डोकं नेऊन त्याला आतच कोंडावं. मागून येणारा टॅकल आणि बॅक दोघांनी गार्डकडे बघायचं: त्याने एंडला आत कोंडलं तर बाहेरून, बाहेर ढकललं तर आतून. हे दोन्ही प्रकार पहिल्याच दिवशी शिकवा. मॅचमध्ये एंड अचानक आत घुसायला लागला की बाजूला उभं राहून ओरडून काही उपयोग होत नाही.

५. हूल खरी दिसली पाहिजे

रनिंग बॅकचं खोटं पाऊल हे फक्त पाऊल नसतं. खांदे वळले पाहिजेत आणि नजर तिकडे गेली पाहिजे. नुसता पाय डावीकडे आणि डोळे उजवीकडे, हे लाइनबॅकरला लगेच कळतं. मात्र पाऊल एकच. दोन टाकली तर पळणारे दोघं पुढे निघून जातात. चेंडू दिल्यावर क्वार्टरबॅकने रिकामा हात कमरेशी लपवून पाच यार्ड तरी जीव तोडून पळायचं. नवखे क्वार्टरबॅक हँडऑफ दिला की उभं राहून मॅच बघतात.

नजर कुठे जाते याचा सुंदर दाखला म्हणजे १ जानेवारी २००७ च्या फिएस्टा बोलचा शेवट. ओव्हरटाइममध्ये बॉइझी स्टेटला दोन गुणांचा डाव करायचा होता. तीन रिसीव्हर उजवीकडे. क्वार्टरबॅक जॅरेड झॅब्रान्स्कीने रिकाम्या उजव्या हाताने तिकडे फेकल्यासारखं केलं, चेंडू डाव्या हातात पाठीमागे धरला, आणि इयान जॉन्सन तो घेऊन डावीकडून आत गेला. ४३–४२, ओक्लाहोमाविरुद्ध. फेकणारा हात फिरला की डोळे तिकडे जातातच.

आणि आता ज्या गोष्टीने आमचा एक पूर्ण हाफ वाया घालवला ती. आमचा डावा गार्ड पळायचं असलं की वजन मागे घ्यायचा. एरवी जमिनीवर टेकलेल्या त्याच्या बोटांची पेरं वजनाने पांढरी पडायची. पळायचं असलं की बोटं नुसती गवताला टेकलेली, पेरं नेहमीच्या रंगाची. समोरच्या डिफेन्सिव्ह टॅकलला तीन फुटांवरून ते दिसत होतं आणि तो दर वेळी काहीतरी ओरडून मागच्यांना सांगत होता. आम्हाला वाटलं, त्यांना आमच्या खुणा कळल्या आहेत. हाफटाइमला त्या गार्डनेच स्वतःहून सांगितलं, "तो माझ्या हाताकडे बघतो." दर गुरुवारी तुमच्या लाइनचे हात समोरून, जमिनीच्या पातळीवरून, फोनने चित्रित करा. वीस स्नॅप पुरेत. कुठल्या स्नॅपला कोण पळणार हे आवाज बंद करून ओळखता आलं, तर समोरच्यालाही ओळखता येईल.

६. आठवड्याचा सराव

कॉलेज खेळांची संघटना एनसीएए, तिच्या पहिल्या दोन विभागांत सीझनमध्ये सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, आणि त्यात फिल्म बघणंही येतं. म्हणून एका आठवड्यात एकच नवा चकवा. मंगळवारी डब्यांसमोर फक्त वाटा. बुधवारी स्काउट टीमसमोर, पण दर दोन खऱ्या डावांमागे एक चकवा असा. सलग चकवेच केले तर स्काउट टीमचे लाइनबॅकर थांबून बघायला लागतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. स्काउट लाइनबॅकरला तुम्ही फिल्ममध्ये जे पाहिलंत ते नीट समजावून सांगा: "हा बॅक हलला की तू दोन पावलं पुढे." कार्डावर बाण काढून द्या. तो पोरगा तुमच्या सगळ्या अभ्यासाचा आरसा असतो.

७. मॅचमध्ये कधी

पहिला डाउन, किंवा दुसऱ्या डाउनला पाच-सहा यार्ड हवे असताना. तेव्हा डिफेन्स धावेची वाट बघत असतो. तिसऱ्या डाउनला बारा यार्ड हवे असताना काउंटर टाकू नका. तेव्हा सगळे पास रोखायला बसलेले असतात, धावेच्या हुलीने कुणी हलत नाही. तिथे ड्रॉ (पास दाखवून धाव) किंवा स्क्रीन (अडवणाऱ्यांच्या मागे छोटा पास). स्वतःच्या गोललाइनजवळ लांबट डाव अजिबात नको.

हॅशकडे बघा. कॉलेजमध्ये दोन हॅश एकमेकांपासून ४० फूट दूर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू डाव्या हॅशवर असला तर उजवीकडे सुमारे ३३ यार्ड आणि डावीकडे फक्त २० यार्ड जागा उरते. डिफेन्स आपली माणसं रुंद बाजूला झुकवतो. म्हणून हूल रुंद बाजूला आणि चेंडू अरुंद बाजूला, हा मेळ मला सगळ्यात जास्त वेळा चाललेला दिसला आहे.

आणि डाव बोलावण्याआधी वरच्या मजल्यावरून मॅच बघणाऱ्या आपल्या कोचला एकच विचारा: गेल्या तीन सरळ धावांना तो लाइनबॅकर कुठे होता? तो सबुरीने खेळत असेल, जागेवर थांबून बघत असेल, तर चकवा ठेवून द्या आणि सरळ धावत राहा. थांबलेल्या माणसाला हूल देण्यात तुमचाच वेळ जातो, आणि चार-चार यार्ड तर मिळतच असतात.

८. नियमात अडकू नका

स्नॅपच्या क्षणी एकच माणूस हलत असू शकतो, आणि तोही पुढे, लाइनकडे सरकत असता कामा नये. जेट मोशनवाल्याची वाट शेवटच्या दोन पावलांत पुढे झुकते, तिथे पंचांचा झेंडा, म्हणजे दंड, पडतो. दोन किंवा जास्त जण जागा बदलत असतील तर त्यानंतर सगळ्या अकरांनी पूर्ण एक सेकंद स्थिर राहायचं. दोन्हींना पाच यार्ड.

बूटलेगमध्ये क्वार्टरबॅक चेंडू फेकणार असेल तर लाइनमन तीन यार्डांपलीकडे गेलेले नसावेत. धावेची हूल खरी दिसावी म्हणून ते उत्साहात पुढे जातात आणि टचडाउन परत जातो. रिव्हर्समध्ये दिशा बदलते, त्यामुळे आधी समोरून अडवणारा आपला माणूस अचानक पाठलाग करणाऱ्याच्या पाठीमागे येतो. पाठीत धक्का दिला की दहा यार्ड. तिथे हात वर करून बाजूला व्हायला शिकवा.

९. सोमवारी पुन्हा तक्ता

मॅचनंतर चकव्याचा प्रत्येक डाव एंड झोनच्या कोनातून बघा आणि यार्डांच्या आधी एकच गोष्ट लिहा: तुम्ही हेरलेला माणूस हलला का. तो दोन पावलं गेला आणि तरी धाव अडली, तर डाव बरोबर होता, अडवण्यात चूक झाली. लाइनबरोबर काम करा. तो हललाच नाही आणि बॅक तरी बारा यार्ड गेला, तर ते बॅकचं कौतुक आहे, पण तो डाव पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका. साडेनऊ वाजता थांबवलेल्या त्या लाइनबॅकरविरुद्ध आम्ही चार काउंटर टाकले. तो तीनदा हलला. चौथ्या वेळी जागेवर राहिला, कारण त्या स्नॅपला आमचा बॅक नेहमीपेक्षा अर्धा यार्ड मागे उभा होता.